संत्र्याच्या बुंध्यातून डिंक येतोय, पानं पिवळी पडलीत

सांदवाडीतलं_झाड:
मानेवाड्याला घर आहे. मागच्या सांदवाडीत संत्र्याचं ७ वर्षांचं कलम, माती काळी. शेंडे वाळतायत, पानं गळतायत, बुंध्याला जमिनीलगत तांबूस डिंकाचे थेंब. पाणी तर रोज पाइपनं देतो. युरिया टाकू का?

वरूड_बागाईत:
युरिया अजिबात नको. हा डिंक्या रोग वाटतो, फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जंतूचा. रोजच्या पाण्यावरच तो पोसतो. काळ्या मातीत पाणी साचलं की बारीक मुळं कुजतात, मग पायाशी पाणी असूनही झाड सुकतं. आणि आपण आणखी पाणी देतो! पाइप बंद करा. चार बोटं माती उकरून पाहा, ओली लागली तर पाणी नाही. कलमाचा जोड मातीत गाडलाय का तेही बघा, तो जमिनीच्या वर वीतभर तरी हवा.

मोरचूद_चुना:
डिंकाखालची साल धारदार चाकूनं खरवडा, तपकिरी भाग संपेपर्यंतच. लाकूड कोरू नका, खरवडलेली साल झाडाखाली टाकू नका. जखम १ टक्का पोटॅशियम परमँगनेटनं पुसा, वाळली की बोर्डो मलम. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळे अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्याच डब्यात. चुना निवला की एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा बुडवा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय, वाढवा, नाहीतर साल भाजेल. जुना विरलेला चुना घेतला की हमखास हेच होतं. त्याच दिवशी बुंध्याला अडीच-तीन फुटांपर्यंत लावा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.

सांदवाडीतलं_झाड:
जोड खरंच गाडलेला निघाला भाऊ, वर दोन घमेली माती चढवली होती. मुळांना काय देऊ?

वरूड_बागाईत:
मग ती माती आधी काढा. मेटॅलॅक्सिल-मँकोझेबचं मिश्र औषध, लिटरला अडीच ग्रॅम, आळ्यात ओता. ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) त्यासोबत नको, मरतो. २० दिवसांनी शेणखतात कालवून द्या. आळं दुहेरी करा: खोडापासून दीड फुटावर मातीचा आतला बांध, पाणी त्याच्या बाहेर, फांद्यांच्या टोकांखाली. सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, कापून टाका, कापलेल्या जागी मलम. यंदाची फळं लहान असतानाच तोडा, जीव होत नाही पण झाडाला ती पेलणार नाहीत. उन्हाळ्यात कुटाराचं आच्छादन द्या, खोडाला मात्र टेकवू नका.

मोरचूद_चुना:
नवी पालवी बारीक आणि शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा अशी आली तर जस्त कमी आहे. झिंक सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, चुना अडीच ग्रॅम, पानांवर फवारा. पण पालवी येऊ द्या आधी.