देकार्तने आत्म्यासाठी पिनिअल ग्रंथीच का निवडली?

चकोर:
मन आणि शरीर वेगळी द्रव्ये मानणाऱ्या देकार्तने (सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ) दोहोंची गाठ पिनिअल ग्रंथीतच, म्हणजे मेंदूच्या मध्यावरच्या छोट्या ग्रंथीतच, का घातली? 'त्याला तिसरा डोळा उमगला होता' असे फॉरवर्ड सारखे येतात. त्याचा स्वतःचा युक्तिवाद काय, आणि तो कुठे कोसळला?

घारापुरी:
तिसऱ्या डोळ्याशी देकार्तचा काहीही संबंध नाही. ग्रंथीची ती सांगड ब्लाव्हाट्स्कीच्या १८८८च्या ग्रंथात आहे, म्हणजे थिऑसॉफी या तिच्या गूढवादी पंथातली.

देकार्तचा मुद्दा साधा होता. डोळे दोन, कान दोन, मेंदूचे भागही जोडीजोडीने. तरी वस्तू एकच दिसते. म्हणजे दोन प्रतिमा आत्म्यापर्यंत जाण्याआधी कुठेतरी एक व्हायला हव्यात. मध्यावर असलेला, जोडी नसलेला भाग त्याला हाच दिसला. यंत्रणा अशी: रक्तातून गाळलेले, वाऱ्यासारखे विरळ 'ॲनिमल स्पिरिट्स' मेंदूच्या पोकळ्यांत साठतात. ग्रंथी किंचित कलली की त्यांचा झोत ठरावीक रंध्रांत वळतो, पोकळ मज्जातंतूंतून स्नायूत जातो, स्नायू फुगतो आणि हात उचलला जातो. १६४९च्या भावनांवरील ग्रंथात त्याने हेच मांडले. तर्क देखणा आहे, पण सगळा भार ग्रंथीच्या हलण्यावर आहे.

वेरूळकर:
आणि नेमकी ती हलत नाही. डॅनिश शरीररचनातज्ज्ञ स्टेनोने १६६५मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात (छापले १६६९ला) दाखवले की ती पोकळीत मोकळी नसून भोवतालच्या भागांना चिकटलेली आहे. कलायला वावच नाही. ग्रीक वैद्य गालेनने तर दुसऱ्या शतकातच, ती झडपेसारखी चालते हे मत याच कारणाने खोडले होते.

तेव्हा हे पाहणे सोपे नव्हते, हेही लक्षात घ्या. प्रौढ माणसात ग्रंथी जेमतेम ५ ते ८ मिलिमीटर. विच्छेदन पोटापासून सुरू व्हायचे, डोके उघडेपर्यंत मेंदू मऊ पडायचा. मेंदू टिकवून घट्ट करणारे फॉर्मॅलिन आले १८९३मध्ये. लायडनला एका स्त्रीच्या शवात ती सापडली नाही, असे देकार्तनेच १६४०मध्ये आपला विद्वान मित्र मर्सेनला लिहिले, आणि कारणही डोके उशिरा उघडतात हेच दिले. आजही वरची मोठी शीर व आवरण घाईने ओढले, तर ग्रंथी त्यांच्याबरोबर उपटून येते. आवरण आधी कापून मोकळे करावे.

चकोर:
मग जागा बदलली तर सिद्धान्त तगतो?

घारापुरी:
नाही. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने देकार्तला मे १६४३च्या पत्रात मुळावरच बोट ठेवले: एखादी वस्तू ढकलायची तर स्पर्श हवा, विस्तार (जागा व्यापणे) हवा. आत्म्याला दोन्ही नाही, तर तो स्पिरिट्सना हलवतो कसा? देकार्तने वजनाचा दाखला दिला: वजन दगडाला खाली नेते, पण एक पृष्ठभाग दुसऱ्याला ढकलत नाही. तिला ते पटले नाही. अमूर्ताने शरीर हलवावे हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असे मानणे मला सोपे जाईल, असे तिने जूनमध्ये कळवले. या वादात तिची बाजू मला सरस वाटते. इंग्रज वैद्य विलिसने १६६४मध्ये स्मृती मेंदूच्या वळ्यांत आणि कल्पनाशक्ती कॉर्पस कॅलोसममध्ये (मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्यात) नेली, पण माणसाचा विवेकी आत्मा अमूर्तच ठेवला; तिचा प्रश्न त्यालाही तसाच लागू पडतो.