जुन्या एअरस्ट्रीमचा पत्रा चकचकीत करायचाय, सँडपेपर चालेल का?

चाकांवरचं घर:
१९६६ सालचा एअरस्ट्रीम ट्रेलर घेतलाय, म्हणजे गाडीमागे ओढायचं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं फिरतं घर. आतलं लाकूडकाम उरकलं, आता बाहेरची पाळी. पुढच्या गोलाईवर पातळ पापुद्रे सुटतायत, बाकी पत्रा मळकट राखाडी. रिव्हेटांच्या कडेने बारीक पांढऱ्या रेघा पसरल्यात, किडा सरपटत गेल्यासारख्या. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, बारीक सँडपेपरने सगळं घासून काढ आणि मग पॉलिश मार. मन धजावत नाही. कुणी हे काम स्वतः केलंय का?

पत्रेवाला:
धजावलं नाही तेच बरं झालं. सँडपेपर आधी बाजूला ठेवा.

हा पत्रा एकजिनसी नसतो. आत तांब्याचा अंश असलेला मजबूत मिश्रधातू आणि वरून शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचं कवच. विमानांसाठी निघालेला हा अल्क्लॅड पत्रा. ०.८ मिमी जाडीच्या पत्र्यावर एका बाजूचं कवच साधारण ०.०४ मिमी असतं. आरशासारखं उजळतं ते हे कवच, आणि खालच्या धातूला सांभाळतं तेही हेच. एकदा खरवडून गेलं की परत चढवता येत नाही. खालचा धातू तेवढा उजळत नाही, शिवाय दमट खाऱ्या हवेत लवकर खड्डे धरतो. साठ वर्षं टिकलेली वस्तू दुपारभरात घालवू नका, एवढं कळकळीने सांगतो.

पापुद्रे सुटतायत म्हणजे क्लिअर कोट, म्हणजे पत्र्यावरचा पारदर्शक लेप, अजून शिल्लक आहे. साठच्या दशकाच्या मध्यापासून हा लेप कारखान्यातूनच येऊ लागला. कुठे आहे आणि कुठे उडालाय ते बघायला फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन चोळा. फडकं काळं पडलं तर पत्रा उघडा आहे. स्वच्छ राहिलं तर मध्ये लेप आहे, आणि लेपावरून कितीही पॉलिश मारलं तरी काही उपयोग नाही.

लेप काढायला अ‍ॅल्युमिनियमला चालतो असं डब्यावर लिहिलेलाच पेंट रिमूव्हर घ्या. कॉस्टिक असलेलं काहीही नको, ते अ‍ॅल्युमिनियमलाच खातं. सावलीत, पत्रा गार असताना, एका वेळी एकच पॅनेल घ्या. लेप सुरकुतून फुगला की प्लास्टिकच्या स्क्रेपरने उचला, वाळू देऊ नका. खिडक्यांची रबरं, दिव्यांची प्लास्टिकं आणि नंबराची पट्टी आधी टेपने झाका. हातमोजे, गॉगल हवेतच. स्टील वूलही नको, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि तिथूनच पत्रा खराब होऊ लागतो.

चाकांवरचं घर:
दादा, मनापासून आभार. आत्ताच फडक्याने बघितलं. बाजूंना स्वच्छ, छतावर काळं. त्या पांढऱ्या रेघा जातील का? आणि मशीन कुठलं घेऊ?

सावकाश:
रोटरी बफर, म्हणजे पॅड गोल फिरवणारं पॉलिशचं मशीन, आणि लोकरीचा पॅड. वेग मिनिटाला १,५०० ते २,००० फेरे, त्याहून जास्त लावला तर पत्रा तापतो. पॉलिश अगदी कमी घ्या, चार ठिपके पुरतात. काळी पेस्ट निघते, ती वाळायच्या आत मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावणाने) पुसा. सांध्यात अडकलेलं काळं मऊ फडक्यावर कॉर्नफ्लोअर घेऊन निघतं. रिव्हेटांची डोकी हातानेच करा, मशीनने ती झिजतात.

पत्रेवाला:
सावकाश म्हणतात ते बरोबर. भर एकच: रोटरीने चमक येते पण गोल ओरखडे राहतात. सावलीत दिसत नाहीत, तिरप्या उन्हात सगळे उठून दिसतात. त्यासाठी शेवटचा हात दोन डोक्यांच्या ऑर्बिटल (लहान वर्तुळांत हलणाऱ्या) मशीनने, मऊ कापड लावून आणि आणखी बारीक पॉलिशने. वेळ याच टप्प्यात जातो, पण ट्रेलर खरा इथेच खुलतो.

रेघांचं मात्र खरं सांगतो. ते लेपाखाली, कडेकडेने शिरलेलं गंजणं आहे. पॉलिशने फिकं होतं, पण धातूत खाल्लेली जागा भरत नाही. ती घालवण्याच्या नादात एकाच ठिकाणी दाबून घासाल तर कवच जाईल. राहू द्या त्या.

चाकांवरचं घर:
समजलं. काम झाल्यावर परत क्लिअर कोट मारावा का?

पत्रेवाला:
तुमच्या जागी असतो तर मारला नसता. उघडा पत्रा हळूहळू मंदावतो, पण बारीक पॉलिशचा एक हलका हात फिरवला की उजळतो. लेप मारलात आणि तो कडेने सुटला, तर त्याच रेघा परत येतील आणि सगळा लेप पुन्हा उतरवावा लागेल. ट्रेलर कायम समुद्राकाठी उभा राहणार असेल तर गोष्ट वेगळी, मग लेपाचा विचार करा. आधी मागच्या बाजूचं खालचं एक लहान पॅनेल शेवटपर्यंत करून बघा आणि फोटो टाका, पुढचं त्यावरून ठरवू.