हटवलेल्या फायली नावांसह परत मिळवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी वेंगुर्ल्याला राहतो. परवा रात्री डिस्कवर जागा करण्याच्या नादात मी शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकदम दाबून एक अख्खा फोल्डर उडवला आणि त्यात आजोबांच्या मोडी कागदपत्रांचे स्कॅन व गावच्या जत्रेतल्या दशावताराची चित्रणे होती, हे पडद्यावरची हिरवी पट्टी संपल्यावर ध्यानात आले. रिसायकल बिनमध्ये अर्थातच काही नाही. मूळ कागद वाळवीने खाल्ले आहेत.

डिस्क १ टीबीची, फिरत्या तबकडीची, बाहेरून जोडायची असून तिच्यावर एनटीएफएस (विंडोजची फायली मांडून ठेवण्याची पद्धत) आहे. हटवलेल्या फायलीची जागा केवळ मोकळी म्हणून नोंदली जाते आणि तिच्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत आतला मजकूर राहतो, एवढे ठाऊक असल्याने मी डिस्क लगेच काढून ठेवली. फोटोरेक हा हटवलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम वापरल्यास मूळ नावे सहसा मिळत नाहीत, आणि मला तर नावेच हवी आहेत, कारण सर्व्हे नंबर व साल मी त्यांतच लिहीत असे. तेव्हा आधी टेस्टडिस्क या दुसऱ्या प्रोग्रॅमने एनटीएफएसच्या (फायलींची नावे असलेल्या) नोंदींतून प्रयत्न करावा का?

त्याआधी डीडीरेस्क्यू या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर संपूर्ण प्रत घेण्याचा विचार आहे. प्रत कुठवर झाली याची नोंदफाईल ठेवल्यास अर्धवट प्रत तिथूनच पुढे सुरू करता येते, असे वाचले. परंतु आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही (इन्व्हर्टरची बॅटरीही थकली आहे), त्यामुळे असे मध्येच बंद पडलेले काम कुणी प्रत्यक्ष पुढे चालू केले असल्यास कृपया अनुभव कळवावा.