मक्यावरच्या लष्करी अळ्या, पण सीओआय म्हणतं ‘भात’!

प्रश्न
प्रबंधासाठी मक्याच्या पोंग्यांतून अमेरिकन लष्करी अळ्या वेचल्या. डोक्यावर उलटा वाय, शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके, ओळखण्यात चूक नाही. या किडीचे ‘मका’ आणि ‘भात’ असे दोन वंश आहेत. बारा अळ्यांचं सीओआय, म्हणजे वंश ओळखायचं जनुक, वाचलं, तर नऊ ‘भात’ वंशाच्या निघाल्या! नळ्यांवरची लेबलं तीनदा तपासली. सर म्हणतात, डीएनए पुन्हा काढ. पण ऊती फार थोड्या उरल्यात. माझं कुठे चुकलं?

उत्तर १
पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, डीएनए न घातलेली कोरी नळी ठेवली होतीस का? तिच्यात पट्टा दिसला असेल तर नमुने दूषित झालेत.

प्रश्नकर्ती
ठेवली होती. तिच्यात काहीच आलं नाही.

उत्तर २
मग ऊती वाया घालवू नकोस. तुझं काम चोख आहे, फक्त प्रश्न चुकीच्या जनुकाला विचारलास.

सीओआय मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे निव्वळ आईकडून आलेलं. वंश ओळखायचं दुसरं जनुक टीपीआय, ते लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतं. पतंगांत नर झेडझेड, मादी झेडडब्ल्यू. मादीला डब्ल्यू आईकडून मिळतं आणि तिचं एकुलतं झेड बापाकडून. आता भात वंशाची मादी आणि मका वंशाचा नर यांची जोडी जमली असं समज. त्यांची लेक सीओआयने ‘भात’ आणि टीपीआयने ‘मका’, एकाच पिढीत! पुढे प्रत्येक पिढीत मका वंशाचाच नर मिळत गेला, तर पाचव्या पिढीत भाताचा अंश सरासरी एकबत्तिसांश उरतो. सीओआय मात्र तेच.

मूळ अमेरिका खंडात या दोन खुणा बहुतेक वेळा जुळतात. १९८६ मध्ये डोरोथी पॅशली यांनी हे यजमान पिकांशी बांधलेले वंश मांडले. दिसायला एकसारखे पतंग, पण मका वंश रात्रीच्या पूर्वार्धात जोडीदार शोधतो आणि भात वंश उत्तररात्री. एकाच शेतात राहून वेळ चुकत राहते! मला या किड्यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. पण ही भिंत पूर्ण बंद नाही, संकर होतात. २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात नोंदलेल्या या किडीत ‘सीओआय भात, टीपीआय मका’ ही जोडी सर्रास सापडते.

तेव्हा टीपीआयच्या चौथ्या एक्झॉनमधली (जनुकाच्या एका तुकड्यातली) १८३ वी जागा वाच. तिथलं डीएनएचं अक्षर मका वंशात सी, भात वंशात टी. यजमान पिकाशी ही खूण सीओआयपेक्षा चांगली जुळते.

प्रश्नकर्ती
ताई, उरलेल्या डीएनएवर टीपीआय केलं! नऊपैकी आठ स्वच्छ सी. नवव्या अळीत त्याच जागी आलेखात सी आणि टी, दोन्ही शिखरं. हे दूषण समजू का?

उत्तर २
बाकीचा आलेख स्वच्छ असेल तर नको समजू. दोन शिखरं म्हणजे दोन झेड, म्हणजे तो नर. एक झेड आईचं, दुसरं बापाचं, त्यांतलं एक भात वंशाचं आणि एक मका वंशाचं. ही अळी वेगळ्या ओळीत लिही. आणि पुढच्या वेळी काही अळ्या कोषापर्यंत वाढव, कोषावर नर-मादी थेट ओळखता येतात.