शब्दचर्चा : मंडळीतली ‘साक्ष’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) स्मरणिकेसाठी आम्ही ज्येष्ठ सभासदांकडून त्यांच्या आयुष्याच्या हकिगती लिहून घेत आहोत. या विभागाला आम्ही ‘साक्षी’ असे शीर्षक दिले होते. मुद्रितशोधन करणारे गृहस्थ ख्रिस्ती नाहीत, परंतु त्यांचे मराठी चोख आहे, आणि त्यांनी या शीर्षकापाशीच लाल खूण केली. त्यांचे म्हणणे असे की साक्ष न्यायालयात होते, आणि इथे तर कोणताही खटला दिसत नाही. शिवाय ‘साक्षी’ म्हणजे साक्ष देणारा माणूस, त्याने सांगितलेली गोष्ट नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वतःच्या आयुष्याची साक्ष स्वतःच कशी देता येईल, ती तर तिऱ्हाइताने द्यायची असते. त्यांनी ‘आत्मकथने’ किंवा ‘अनुभव’ असे पर्याय सुचवले आहेत. मी लहानपणापासून प्रार्थनासभेत ‘आता कोणाला साक्ष द्यायची आहे का?’ हे वाक्य ऐकत आलो आहे, पण त्यांच्या आक्षेपांना मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपल्या मुद्रितशोधकांचे आक्षेप विचारपूर्वक केलेले आहेत, म्हणून त्यांना तितक्याच विचाराने उत्तर द्यायला हवे.

व्याकरणाचा आक्षेप लवकर निकालात निघतो. ‘साक्ष’ हे स्त्रीलिंगी नाम आहे आणि त्याचे अनेकवचन ‘साक्षी’ होते; ‘आज तीन साक्षी झाल्या’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. ‘साक्ष देणारा’ या अर्थाचे पुल्लिंगी ‘साक्षी’ हे वेगळे नाम असून ते संस्कृतातल्या ‘साक्षिन्’वरून आले आहे. दोन्ही रूपे सारखी दिसत असल्यामुळे शीर्षकात घोटाळा होण्याचा संभव आहे, हे मात्र त्यांचे खरे आहे.

‘साक्षिन्’ची व्युत्पत्ती इथे उपयोगी पडते. पाणिनीच्या ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’ या सूत्राप्रमाणे जो साक्षात पाहतो तो साक्षी. म्हणजे शब्दाच्या मुळाशी न्यायालय नाही, डोळा आहे. न्यायालयाने हा शब्द आपल्या कामासाठी घेतला, तसाच तो वेदान्ताने घेतला आणि लग्नविधीनेही घेतला, कारण अग्नीच्या साक्षीने सप्तपदी होते तेव्हा तिथे कोणताही वाद चाललेला नसतो. तुकोबांनी ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही’ म्हटले, ती फारसीतून आलेली ग्वाहीदेखील मनाच्या आतलीच होती. हिंदी भाषक ख्रिस्ती लोक आजही ‘गवाही’ म्हणतात. मराठी मंडळीत मात्र ‘साक्ष’ रूढ झाली.

तरीही मी इतके सांगून थांबणार नाही, कारण ख्रिस्ती साक्षीमागे खरोखरच चौकशीचे प्रसंग आहेत. बायबलमधल्या योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला दृष्टी मिळते आणि परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मपुढारी, त्याला बोलावून उलटसुलट प्रश्न विचारतात. येशू पापी आहे की नाही, या प्रश्नावर तो मत देत नाही. मी पूर्वी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढेच मला ठाऊक आहे, असे तो सांगतो. प्रेषित पौलाच्या परिवर्तनाची हकिगत बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तीन वेळा येते, नवव्या अध्यायात निवेदकाच्या तोंडून आणि बाविसाव्या व सव्विसाव्या अध्यायांत स्वतः पौलाच्या तोंडून. या दोन्ही वेळी तो अटकेत आहे, आणि दुसऱ्या वेळी तर समोर राजा अग्रिप्पा बसला आहे. त्याने बचावादाखल आयुष्य सांगितले आणि तेच पुढे साक्षीचा नमुना ठरले. तेव्हा ‘खटला कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल की या शब्दाच्या ख्रिस्ती वापराच्या आरंभी खटले होते, आणि ते बोलणाऱ्याच्या जिवावर बेतणारे होते. ग्रीक भाषेत साक्षीदाराला ‘मार्तुस’ म्हणतात आणि पुढे त्याच शब्दाला विश्वासासाठी प्राण देणारा असा अर्थ आला. स्तेफनाला दगडमार करून ठार मारल्याची आठवण सांगताना पौल त्याला प्रभूचा साक्षी म्हणतो, त्या वाक्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांशेजारी उभे आहेत.

आता तिसरा आक्षेप, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. स्वतःविषयी स्वतःच साक्ष देणे ग्राह्य कसे? हाच आक्षेप खुद्द येशूच्या तोंडी योहानाच्या पाचव्या अध्यायात आहे : मी स्वतःविषयी साक्ष दिली तर माझी साक्ष खरी नाही. म्हणून मंडळीत जो माणूस साक्षीला उभा राहतो, तो व्याकरणाने जरी ‘मी’ म्हणत असला तरी तो स्वतःविषयी बोलत नसतो, निदान त्याने बोलू नये अशी अपेक्षा असते. देवाने काय केले हा साक्षीचा विषय, आणि त्याचे आयुष्य ही ते जिथे दिसले ती जागा. मार्काच्या पाचव्या अध्यायात भूतग्रस्त माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर जाऊ पाहतो, तेव्हा येशू त्याला घरी आपल्या माणसांकडे पाठवतो आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केले ते त्यांना सांग, असे म्हणतो. या वाक्यात कर्ता प्रभू आहे. आत्मचरित्रात कर्ता लेखक असतो. माझ्या मते ‘आत्मकथन’ हा पर्याय याच कारणासाठी इथे बसत नाही. ‘अनुभव’ त्याहून जवळचा आहे, पण अनुभव मनात ठेवता येतो, तो कोणाला सांगितलाच पाहिजे असे नाही. साक्ष न सांगता साक्ष राहत नाही.

एक फरक मराठी वाचकासाठी अवश्य नोंदवला पाहिजे, कारण त्याच्या कानावर ‘साक्षी’ हा शब्द बहुधा वेदान्तातून आलेला असतो. श्वेताश्वतर उपनिषदातले ‘साक्षी चेता केवलो निर्गुणश्च’ हे वर्णन, किंवा आजकाल पुष्कळांच्या बोलण्यात येणारा ‘साक्षीभाव’, यांत पाहणारा घटनांपासून अलिप्त असतो. सुखदुःखे येतात, जातात, आणि तो पाहत राहतो. मंडळीतली साक्ष याच्या अगदी उलट टोकाची आहे. तिथे साक्ष देणारा बुडत होता आणि त्याला कोणी तरी हात दिला, हेच तर सांगायचे असते. काठावर बसून पाहणाऱ्याला ती साक्ष देता येत नाही. दोन्ही अर्थ एकाच मुळापासून फुटलेले असूनही एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि अनुवाद करताना यांची गल्लत झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

असे असले तरी स्वतःची कहाणी देवाच्या हाती घडलेली म्हणून सांगण्याची रीत मराठीला मिशनऱ्यांनी आणून दिली, असे मी म्हणणार नाही. तुकोबा ‘याती शूद्र वंश केला वेवसाव’ या अभंगात आपले कूळ, दुष्काळ, अन्न अन्न करीत मेलेली बायको, बुडालेला व्यापार हे सारे सांगतात, आणि सुरुवातीलाच ‘नये बोलों परि पाळिलें वचन’ असे म्हणून हे आपण संतांनी विचारले म्हणून सांगत आहोत, एरवी बोललो नसतो, असा संकोच व्यक्त करतात. हा संकोच मला खऱ्या साक्षीची खूण वाटतो. नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे मानत, ते या दृष्टीने समजण्यासारखे आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या तपशिलाने लिहिली आहेत, त्यात सोवळे-ओवळे कसे सुटत गेले, घर कसे मोडले आणि पुन्हा कसे उभे राहिले हे घरगुती भाषेत येते. त्या पुस्तकाला कोणी साक्ष म्हणत नाही, पण मला ती मराठीतली फार मोठी साक्ष वाटते.

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत आपली हकिगत प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या नावात साक्ष या अर्थाचाच शब्द योजला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले, असे त्या तिथे लिहितात. ‘साक्ष’ आणि ‘धर्मांतराची हकिगत’ हे समानार्थी नाहीत, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. धर्मांतराला तारीख असते. साक्षीला तशी एकच तारीख असेलच असे नाही, आणि ख्रिस्ती घरात जन्मलेल्यालाही ती असू शकते. माझी आजी अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती होती. ‘मी मंडळीतच जन्मले, माझी कसली आली साक्ष?’ असे म्हणून ती सभेत कधीही उठली नाही. तिचे हे वाक्य मला अजून सलते, कारण साक्ष म्हणजे दारू सुटणे, आजार बरा होणे किंवा धर्म बदलणे, एवढाच अर्थ आपण तिच्यापर्यंत पोहोचू दिला होता.

वसईहून एक भर

वरील उत्तर वाचून समाधान वाटले. आम्हा कॅथलिकांच्या वापरातला थोडा फरक नोंदवतो. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, उठून साक्ष देण्याची पद्धत आमच्याकडे नाही. ती रिट्रीटमध्ये (प्रार्थना-चिंतनाच्या शिबिरात) किंवा प्रार्थना-गटांत आढळते. आमच्या बोलण्यात ‘जीवनाने साक्ष देणे’ हा प्रयोग अधिक येतो. आधुनिक माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक आनंदाने ऐकतो, असे पोप सहावे पॉल यांनी १९७५ सालच्या आपल्या प्रबोधनपत्रात म्हटले आहे, आणि प्रवचनांतून त्याचा उल्लेख वारंवार होतो. रक्ताने दिलेल्या साक्षीची आठवणही आमच्या गावाला आहे : वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी इथे क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ साली ते संतपदाला पोहोचले.

दुसरे असे की संत ऑगस्टीन यांच्या आत्मनिवेदनाच्या नावात जो लॅटिन शब्द आहे, त्याला पापाची कबुली आणि देवाची स्तुती असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत ‘कबुली’ म्हटले की पहिलाच अर्थ उरतो आणि पोलीस ठाण्याची आठवण होते. ‘साक्ष’ या शब्दात स्तुती आहे, पण पापाची बाजू पुसट आहे. दोन्हींना एकत्र धरणारा मराठी शब्द मला अद्याप सापडलेला नाही.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

आपला मुद्दा योग्य आहे. एक शब्द नसला तरी योहानाच्या पहिल्या पत्राच्या मराठी भाषांतरात पाप ‘पदरी घेणे’ असा सुंदर प्रयोग आहे. पाप लपवायचे नाही आणि दुसऱ्याच्या माथीही मारायचे नाही, ते आपल्या पदरात घ्यायचे. स्तुती त्यानंतर येते. चांगल्या साक्षीत हा भाग असतोच.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक अडचण विचारतो. एका वृद्ध बाईंचा तरुण मुलगा अपघातात गेला. त्यांनी आम्हाला सांगितलेल्या हकिगतीत मुलाच्या मृत्यूनंतर दोन वर्षे त्या प्रार्थना करू शकल्या नाहीत आणि शेजारणी त्यांच्या घरी येऊन त्यांच्याऐवजी प्रार्थना करीत, एवढेच आहे. त्यांच्या नातलगांनी मजकूर तपासताना शेवटी ‘यातही देवाचा चांगलाच हेतू होता’ असे वाक्य जोडले आहे. ते ठेवावे काय? त्याशिवाय ती साक्ष होईल काय?

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

ते वाक्य काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले, हे वाक्य बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे खरे. पण ते योसेफ बोलतो, ज्याला भावांनी खड्ड्यात टाकले होते आणि विकले होते तो, आणि तेही कित्येक वर्षांनंतर. त्याच्या वतीने ते त्याच्या भावांनी म्हटले असते तर ते असह्य झाले असते. तुकोबा ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे । बरी या दुष्काळे पीडा केली’ म्हणतात, तो दुष्काळही त्यांनी स्वतः सोसलेला होता. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण उपासमारीत गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली केडगावला आणल्या, आणि या दोन दुष्काळांमधला दुवा त्यांचे आयुष्य वाचणाऱ्याला आपोआप दिसतो.

‘साक्ष’ या शब्दाची मर्यादाही इथे उपयोगी पडते. साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगायचे असते. जन्मांध माणसाने न पाहिलेल्याविषयी बोलायचे नाकारले, आणि ‘खोटी साक्ष देऊ नकोस’ ही आज्ञा स्मरणिकेच्या संपादकांनाही लागू आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. त्या बाईंनी शेजारणींची प्रार्थना पाहिली आणि ती त्या सांगत आहेत. ती साक्ष पूर्ण आहे.

शीर्षकासाठी ‘साक्षी’ऐवजी ‘मंडळीतल्या साक्षी’ असे ठेवल्यास अनेकवचन स्पष्ट होईल आणि मुद्रितशोधकांचीही हरकत राहणार नाही, असे वाटते. क्रियापद ‘दिली’ असावे की ‘सांगितली’, असे त्यांनी विचारल्यास दोन्ही रूढ आहेत. या बाईंच्या मजकुरावर मात्र मी ‘सांगितली’ असे लिहीन, कारण त्या सभेत उभ्या राहिलेल्या नाहीत, आपण त्यांच्या घरी जाऊन विचारले तेव्हा त्या बोलल्या आहेत.