माळवदात सापडलेला धोटा आणि आमची मोमीन गल्ली

माळवदावरचा

नमस्कार मंडळी. गाव लातूर आणि उस्मानाबादच्या (आता धाराशिव) मधोमध, नाव लिहीत नाही. मागच्या उन्हाळ्यात जुनं माळवद पाडून स्लॅब टाकायला घेतलं तर वरच्या लाकडांमधे एक धोटा निघाला. माहीत नसेल तर सांगतो, हातमागावर आडवा धागा इकडून तिकडं फेकायला होडीच्या आकाराचं लाकूड असतंय ते. दोन्ही टोकांना लोखंड, मधे पोकळ, हाताळून हाताळून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. आता आमच्या घरात कुणीच विणकर नव्हतं, पिढीजात शेतकरी, मग हे आलं कुठून? आजीला दाखवलं (वय ८५ च्या पुढं, कान शाबूत) तर तिनं हातातून घेतलं, पदरानं पुसलं अन् म्हणाली "ठिव जिथं व्हता तिथं." जिथं होता ती जागाच आता राहिली नाही.

आणि गावात एक मोमीन गल्ली आहे (मोमीन म्हणजे मुसलमान विणकर) अन् तिच्यात एकही मोमीन नाही. लहानपणापासून नाव घेतोय, कधी डोक्यातच आलं नाही. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेत झेंडा, स्वामी रामानंद तीर्थांवर भाषण, मग गोळ्या, एवढंच आम्हाला माहीत. म्हाताऱ्या माणसांना विचारलं की "ॲक्शनच्या साली गेले" म्हणायचं अन् विषय बदलायचा. कुठं गेले, कशानं गेले, कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. राजकारण नको.

मांजराकाठ

ॲक्शन म्हणजे पोलीस ॲक्शन. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज निजामाच्या हद्दीत शिरली, मुख्य तुकडी सोलापूरकडनं नळदुर्गमार्गे, १७ ला निजाम शरण आला. आपलं शाळेचं पुस्तक तिथंच मिटतं. खेड्यापाड्यातलं खरं त्याच्या पुढं आहे. फौज पुढं निघून गेली, रझाकार (निजामाच्या बाजूची हत्यारबंद संघटना) पळाले नाहीतर धरले गेले, आणि मागं जो मुसलमान हाताला लागला त्याच्यावर सगळा राग निघाला, मग तो रझाकार असो नसो. बाहेरच्या टोळ्या होत्या, गावची ओळखीची माणसं होती, काही ठिकाणी वर्दीतले पण सामील होते.

हे मी मनचं सांगत नाही. दिल्लीनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं होतं, ते २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ फिरले. त्यांचा अंदाज, तोही हात राखून केलेला, अख्ख्या संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मेली. त्यातली १८ हजारांच्या आसपास उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड ह्या चारच जिल्ह्यांत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. तिथं वीस दिवसांच्या वर चाललं होतं, दहा हजारांतले तीनेक हजारच मुसलमान उरले होते. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील, त्याचा सूड म्हणा, पण लातूर म्हणजे बाजारपेठ पण होती, कच्छी मुसलमानांची भरलेली दुकानं. सूड कुठं संपला अन् लूट कुठं सुरू झाली कुणी सांगावं. अहवाल सरकारनं छापलाच नाही, कित्येक वर्षं पडून होता.

धोट्यावरनं आठवलं. त्याच अहवालात आहे, एका ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले, त्यात स्वतःचे जीव पण गेले.

बालाघाटी

हे सगळं ठीक, पण सुरुवात कुणी केली ते पण लिहा की. माझ्या आज्याला रझाकारांनी चावडीपुढं लिंबाला बांधून मारलं, कडब्याची गंज पेटवून दिली, सगळी भावकी बैलगाड्या जुंपून बार्शीकडं गेली कारण ती युनियनची, म्हणजे भारताची हद्द, तिथं उघड्यावर पावसाळा काढला. मे १९४८ मधे बीदरकडच्या गोरट्याला रझाकारांनी जे हत्याकांड केलं ते वाचा आधी. आमच्यासाठी कुठली समिती आली होती का??

मांजराकाठ

दादा, गोरटा कोण नाकारतंय. माझ्या मामाचं घर पण जळलंय. पण तुमच्या आज्याला बांधणारा काही ह्या गल्लीतला लुगडी विणणारा नव्हता. शोएबुल्ला खान, हैदराबादचा संपादक, मुसलमानच, रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मधे रात्री गाठून हात तोडला अन् मारला त्याला. महिनाभरानं ॲक्शन झाली. त्या दिवसांत तो औशाला नाहीतर लातूरला असता तर जमावानं काय विचारून सोडला असता का?

तेरणा_पार

मी इथं फक्त वाचत असते, आज लिहिते. माझी दादी औशाकडची. उजव्या मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं, तुळशीचं रोप, खाली कुंडी. मोहल्ल्यात दुसऱ्या कुणाच्याच दादीला नव्हतं. वजू करताना (नमाजाआधी हातपाय धुताना) बाही वर घेतली की दिसायचं, आम्ही पोरी बोटानं त्याच्यावर रेघ ओढायचो अन् ती पदर ओढून घ्यायची. अम्मी सांगते ॲक्शनमधे गावात राहू द्यायचं म्हणून बळंच गोंदलं, नाव पण बदललं, चार महिने ती दुसऱ्याच नावानं जगली. तिला अंधार पडल्यावर भाकरी आणून देणारी पाटलीणबाई पण त्याच गावची, अन् गोंदायला धरून बसवणाऱ्या बाया पण. दादी गेली तेव्हा गुसल (शेवटची अंघोळ) देताना एका बाईनं विचारलं हे काय, तर अम्मी म्हणाली, लहानपणी हौसेनं काढलेलं.

फसली१३५८

कागद बघायचेत तर तहसीलला १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल मागा अन् त्याच्या आधीचे उर्दू कागद मिळाले तर वाचून घ्या (वाचणारे कमी राहिलेत, पैसे घेतात). मालक कोण अन् कब्जा कुणाचा हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून बघा. मात्र कब्ज्यात स्वतःच्याच पणज्याचं नाव निघालं तर रात्री झोप येत नाही, अनुभव आहे.

माळवदावरचा

सगळ्यांचे आभार. आजी परवा चहा पिताना आपणहून बोलली, ॲक्शनच्या वेळी ती आठ वर्षांची. माणसाचं नाव पण सांगितलं, इथं टाकत नाही. तिच्या आईला तो लुगडं उधारीवर द्यायचा अन् सुगीला ज्वारी न्यायचा. बायकापोरं घेऊन दोन रात्री आमच्या गंजीमागं बसला होता, माझ्या पणज्यानं तिसऱ्या रात्री सोलापूरच्या वाटेला लावून दिलं. माग आमच्या घरी ठेवून गेला, परत येतो म्हणला. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणलं मग माग कुठाय? म्हणाली, "दोन पावसाळं वाट बगितली. मग फोडून चुलीला घातला. सागवान व्हतं, लई दिस पुरलं."

म्हणलं अन् गल्लीतलं त्याचं घर? तर कप उचलून आत गेली.

खासऱ्याचा अर्ज लिहून ठेवलाय. अजून दिला नाही.