प्रकल्पाचे गुण विद्यार्थ्याला समोर बसवून प्रश्न विचारल्याशिवाय देऊ नयेत

फळा
मी मुंबईजवळच्या एका संलग्न महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर काही सत्रांतच माझ्याकडे येणाऱ्या असाइनमेंट आणि प्रकल्प एकसारखे दिसू लागले. भाषा स्वच्छ, परिच्छेद आखीव, निष्कर्ष गुळगुळीत. त्यातल्या एखाद्या वाक्याचा अर्थ विचारला की मुलं गप्प होतात.

हे दुखणं त्याआधीचं आहे. तृतीय वर्षाचं ब्लॅक बुक, म्हणजे काळ्या बांधणीतला प्रकल्प अहवाल, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जुनं मिळतं, नाव आणि वर्ष बदलून बांधून मिळतं, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत असतं. तोंडी परीक्षा कागदावर असते. प्रत्यक्षात ‘विषय का निवडलास’ विचारायचं, सही करायची, पुढचा बोलवायचा.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग, चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प या सगळ्यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. म्हणजे घरी लिहून आणलेल्या मजकुराचं वजन वाढणार. माझं म्हणणं सरळ आहे: घरी लिहिलेल्या कुठल्याही मजकुराला विद्यार्थ्याशी निदान दहा मिनिटं बोलल्याशिवाय एकही गुण देऊ नये. मजकूर कुठून आला याचा तपास करत बसू नये. त्याला तो समजलाय का, एवढंच बघावं.

आणि लेखी परीक्षेचं गुणगान कुणी करू नये. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची, असं लिहून ठेवलं होतं. आपण अजून पाच वर्षांचे जुने पेपर पाठ करून पास होतोय.

उमरखेडकर
मॅडम, तुमची कळकळ पोचली. तरीही माझा ठाम विरोध आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातून शिकून आलो. माझ्या उत्तरपत्रिकेवर बारकोड होता. तपासणाऱ्याला माझं आडनाव माहीत नव्हतं, माझा जिल्हा, माझे उच्चार, माझे कपडे, काहीच माहीत नव्हतं. आमच्यासारख्यांना विद्यापीठाने दिलेला हा सर्वांत मोठा आधार आहे. तोंडी परीक्षेत मी खोलीत पाऊल टाकलं की समोरच्याला सगळं कळतं.

अंतर्गत गुणांचा अनुभव विचाराल तर आमच्या कॉलेजात सरांच्या मर्जीतल्या मुलांना वीसपैकी अठरा आणि ज्याने एकदा ग्रंथालयाबद्दल तक्रार केली त्याला नऊ. दाद कुठे मागायची? लेखी पेपरची छायांकित प्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन मागता येतं. उत्तरपत्रिका ही विद्यार्थ्याने मागून बघण्याची माहिती आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११चा निकाल आहे. दहा मिनिटांच्या बोलण्याची छायांकित प्रत कशी मागणार?

पाठांतर वाईट हे कबूल. पण पाठांतराला जात नसते.

टीवाय_बीएमएस
मी सध्या तृतीय वर्षाला आहे. आमच्या वर्गात ब्लॅक बुक स्वतः केलेल्या मुली आहेत, ज्यांनी दुकानदारांकडे फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्यांना आणि विकत आणलेल्यांना जवळपास सारखेच गुण पडतात, कारण कुणी वाचतच नाही. दहा मिनिटं खरंच विचारलं तर आम्हाला आनंदच होईल. लेखी पेपरचं म्हणाल तर परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधले अपेक्षित प्रश्न करूनसुद्धा साठ पडतात.

कॅपसेंटर
परीक्षा विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे आधी हिशेब मांडतो.

वर्गात १२० मुलं. प्रत्येकाला दहा मिनिटं म्हणजे १२०० मिनिटं, म्हणजे २० तास. दोन श्रेयांकांच्या थिअरीच्या विषयाला शिकवायचे तासच मुळात ३० असतात. त्यातले २० तोंडी परीक्षेत गेले तर शिकवायचं कधी? सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा अध्यापनभार १६ तासांचा. असे चार वर्ग असतील तर तोंडी परीक्षांचे ८० तास, म्हणजे पाच आठवड्यांचं शिकवणं. त्यात निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावरचे. त्यांना तासाचे पैसे मिळतात, मूल्यांकनाच्या या जादा तासांचे कोण देणार?

निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावावेत असं २०१६चा विद्यापीठ कायदा सांगतो. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने तयारी नसताना उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची, तपासणी आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे परदेशातले प्रवेश अडकले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. चांगली कल्पना घाईने राबवली की भोगतात ती मुलं.

फळा
हिशेब बरोबर आहे आणि तो कुणीतरी मांडायलाच हवा होता. पण प्रत्येक विषयात प्रत्येक सत्रात हे करा असं मी म्हणत नाही. प्रकल्पाला आणि ज्या एका विषयात घरची असाइनमेंट आहे त्याला करा. बाकीच्या विषयांतल्या घरच्या असाइनमेंट बंद करा आणि त्याऐवजी वर्गात बसून, पुस्तक उघडं ठेवून लिहायचा तासाभराचा पेपर घ्या. प्रश्न असा हवा की पुस्तकात त्याचं उत्तर आयतं मिळणार नाही. मी एकदा जिल्ह्याच्या कांद्याच्या बाजारभावाचा तक्ता दिला आणि विचारलं, निर्यातबंदी लागली तर या तक्त्यात पुढे काय दिसेल आणि का. गाईड पाठ असलेली मुलं अडखळली. शेतकऱ्याघरच्या दोन मुलांनी मात्र अख्ख्या वर्गात सर्वांत चांगलं लिहिलं.

उमरखेडकर, तुमचा मुद्दा मोठा आहे. त्यावर माझ्याकडे एका ओळीचं उत्तर नाही.

वॉर्डराउंड
मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे हा वाद जुना आहे. पूर्वी एका रुग्णाजवळ उभं करून परीक्षक वाट्टेल ते विचारायचे, आणि नशीब, परीक्षकाचा मूड, विद्यार्थ्याचं कॉलेज, सगळ्याचा परिणाम गुणांवर व्हायचा. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी यावर पद्धत मांडली. आम्ही तिला ऑस्की म्हणतो. विद्यार्थी ओळीने वेगवेगळ्या टेबलांवर जातो, प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटं, ठरावीक काम, आणि परीक्षकाच्या हातात आधीच छापलेली यादी. रक्तदाब घेताना पट्टा नीट बांधला? हो की नाही. रुग्णाची परवानगी घेतली? हो की नाही. परीक्षकाचं मत त्याने अगदीच जात नाही, पण त्याला मोकळं रान राहत नाही. शिवाय टेबलागणिक परीक्षक बदलतो, त्यामुळे एका माणसाच्या आकसाने कुणी नापास होत नाही.

अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी अशी यादी करणं कठीण नाही. आकडे कुठून घेतले हे सांगता आलं का? नमुना एवढाच का घेतला? एक तक्ता स्वतःच्या शब्दांत समजावला का? हे आधी छापून सगळ्या मुलांना द्या.

आखनहून
जर्मनीत तोंडी परीक्षा नेहमीची आहे. काही विषयांत सगळे गुण एका तोंडी परीक्षेवर ठरतात. इथे परीक्षक एकटा बसत नाही. दुसरी जाणकार व्यक्ती शेजारी बसते आणि काय विचारलं, काय उत्तर आलं याची नोंद लिहिते. विद्यार्थ्याने आक्षेप घेतला तर ती नोंद कामी येते. पण इथेही लाजरी मुलं मागे पडतात, आणि परदेशातून आलेल्या माझ्यासारख्याला भाषेमुळे पहिल्या वर्षी बराच त्रास झाला. ते कुणी मोजत नाही.

उमरखेडकर
भाषेचा विषय निघाला ते बरं झालं. मी बीएचे पेपर मराठीत लिहिले. मुलाखतीला मात्र समोरचे सर इंग्रजीत सुरुवात करायचे आणि मी मराठीत उत्तर दिलं की त्यांचा चेहरा बदलायचा. विषय समजला होता, शब्द सापडायचे नाहीत. वॉर्डराउंड सरांची यादी मला पटते, कारण हो की नाही असं लिहायचं झालं की परीक्षकाला कारण द्यावं लागतं. पण यादीत ‘आत्मविश्वास’ आणि ‘सादरीकरण’ हे दोन रकाने शिरले की संपलं. सेमिनारच्या गुणांत ते हमखास असतात आणि शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला तिथे चार गुण फुकट मिळतात.

टीवाय_बीएमएस
हे खरंय. आमच्या सादरीकरणात ब्लेझर घातलेल्यांना जास्त गुण मिळाले होते.

कॅपसेंटर
दोन परीक्षक म्हणजे तास दुप्पट. जर्मनीचं उदाहरण देताना तिथे एका शिक्षकामागे मुलं किती हेही बघा. रिक्त पदं भरल्याशिवाय यातलं काहीही फक्त परिपत्रकात राहील, आणि मग पुन्हा दोन मिनिटांची सही सुरू होईल. माझा सल्ला, फक्त अंतिम वर्षाच्या प्रकल्पापासून सुरू करा. तिथे मुलं मार्गदर्शकांत वाटलेली असतात, एकेकाकडे पंधरा-वीस. दुसरा परीक्षक शेजारच्या कॉलेजातून, आणि मार्गदर्शकाला स्वतःच्याच विद्यार्थ्यांना गुण द्यायचा अधिकार नको.

फळा
हे मान्य. पंधरा-वीस मुलं असतील तर दहाऐवजी वीस मिनिटंही देता येतील. यादीतून सादरीकरण आणि आत्मविश्वास काढायचे. भाषा विद्यार्थी ठरवेल, आणि परीक्षकाने त्याच भाषेत प्रश्न विचारायचे. संभाषण फोनवर ध्वनिमुद्रित करायचं आणि निकालानंतर विद्यार्थ्याने मागितलं तर उत्तरपत्रिकेच्या छायांकित प्रतीसारखं द्यायचं. पुढच्या सभेत अभ्यास मंडळापुढे मी हे लेखी मांडणार आहे.

उमरखेडकर
मांडा. त्यात एक ओळ माझ्याकडून घाला: ध्वनिमुद्रण मागणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव त्याच्या विभागाला कळता कामा नये, अर्ज थेट विद्यापीठाकडे. आमच्याकडे पुनर्मूल्यांकन मागितलेल्या मुलाला पुढच्या सत्रात अंतर्गत गुणांत ते भोगावं लागलं होतं. ही अट असेल तर प्रकल्पापुरता माझा विरोध मागे. बाकी विषयांत बारकोडवाला पेपर राहिलाच पाहिजे, तिथे मी हटणार नाही.